क्रमांक एकची जागा

"कुठली बाजू वर होती?" बाबांनी विचारलं.

मी वहीत बघितलं. "लिहिलेलं नाही."

"नीट बघ. कडेला असेल."

कडेला होतं. 'डाग खाली.' बाबांनी हातातला दगड उलटा करून डाग खाली घेतला आणि तो दोन खडकांमधल्या खळग्यात ठेवला. मग एक पाऊल मागे सरकून, भिंतीवरचा फोटो सरळ लागलाय का ते बघावं तशी मान तिरपी केली. पुन्हा वाकले आणि दगड अर्धा इंच पाण्याकडे सरकवला.

"बाबा, त्याला काय फरक पडतो?"

"त्याला म्हणजे कोणाला?"

"दगडाला."

"ते तू कसं सांगणार? तू दगड आहेस का?"

माझ्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांनी या प्रश्नाचं उत्तर लेखी दिलेलं आहे, पण तो विषय मी काढला नाही. वहीत क्रमांक सातशे तीसच्या पुढे बरोबरची खूण केली आणि पुढचा पत्ता वाचला. "पट्टीपासून पूर्वेला चारशे सहा पावलं, मग पाण्याकडे नऊ. आडव्या खडकाच्या पोटात, वीतभर आत."

"चला," बाबा म्हणाले, आणि पिशवी खांद्याला लावली. पिशवीत अजून अकरा दगड होते. सगळ्यांना घरी सोडायचं होतं. शाळेच्या गाडीसारखं.

बाबा तलावाची पातळी वाचायचे. पंपघराच्या पायऱ्यांशी पाण्यात एक काळी-पांढरी पट्टी उभी आहे, राक्षसाच्या कंपासपेटीतल्या फूटपट्टीसारखी. रोज सकाळी आठ वाजता तिच्यापाशी जायचं, पाणी कुठवर आहे ते बघायचं, फळ्यावर लिहायचं आणि कार्यालयाला फोन करायचा. तेहेतीस वर्षं. लोकांना वाटतं, त्यात काय आहे? तर त्यात खरंच फारसं काही नाही. फक्त वारा असला की पाणी हलतं. तेव्हा लाट वर असतानाचा आकडा आणि खाली असतानाचा आकडा घेऊन मधला लिहायचा असतो. बाबांच्या मते आख्खी नोकरी या मधल्या आकड्यात होती.

दोन वर्षांपूर्वी कार्यालयाने पट्टीच्या डोक्यावर एक यंत्र बसवलं. ते वरून पाण्याकडे बघतं आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा आपला आपण पाठवतं. पहिल्याच आठवड्यात घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन आला. "अहो, तलाव एकदम दीड मीटर चढलाय! तुम्ही ठीक आहात ना?"

"ठीक आहे," बाबा म्हणाले. "बगळा बसलाय."

"कुठे?"

"यंत्राच्या खाली, खांबाच्या आडव्या दांडीवर."

थोड्या वेळाने बगळा उडाला आणि तलाव उतरला. तरीही यंत्र राहिलं आणि बाबांची जागा रद्द झाली. म्हणजे बाबा निवृत्त होईपर्यंत ती बाबांचीच, त्यानंतर कोणाचीच नाही. या महिन्याच्या तीस तारखेला ते निवृत्त होणार होते आणि त्याच दिवशी पंपघरामागची क्वार्टर रिकामी करून द्यायची होती. बाबा ताईकडे राहायला जाणार होते, शहरात, तिसऱ्या मजल्यावर. ताईने त्यांच्यासाठी एक खोली रंगवून घेतली होती. फक्त एकच अट घातली होती. दगड नकोत.

दगडांचं असं आहे की बाबांचं मोजायचं काम आठ वाजून पाच मिनिटांनी संपायचं. उरलेला दिवस पंपांवर लक्ष ठेवायचं. पण पंप आवाज करत होते तोवर ते ठीक आहेत हे तीन किलोमीटरवरूनही कळायचं, आणि काठ बरोबर तेवढाच होता. सगळा खडकाळ. गारगोट्या, आत पट्टे असलेले अकीक, अभ्रकाने चमचमणारे चपटे तुकडे, विटेसारखे लाल, शाईसारखे काळे. बाबांच्या खिशात कायम एक खिळा, एक काचेचा तुकडा आणि न्हाणीघरातली एक फुटकी फरशी असायची. खिळ्याने दगडावर ओरखडा उठतो का बघायचं. दगडाने काचेवर उठतो का बघायचं. मग फरशीच्या खरखरीत पाठीवर दगड घासून रेघेचा रंग बघायचा. काळा दगड लाल रेघ काढतो तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आणि शेवटी जीभ. कारण ओला झाला की दगडाचा खरा रंग दिसतो. वाळले की सगळेच करडे.

"जेवायच्या आधी हात धुणारी माणसं असतात," आई म्हणायची. "यांना जीभ धुवावी लागते."

आई पाणी तपासायची. पलीकडच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होती. म्हणजे आमच्या घरात एकजण पाणी किती आहे ते सांगायचा आणि दुसरी कसं आहे ते. ताई लहानपणी पाहुण्यांना सांगायची की तलाव आमचाच आहे. कोणी फारसा आक्षेप घेतला नव्हता.

बाहेरच्या खोलीत बाबांचं लोखंडी कपाट होतं, त्यात दोनशे बारा दगड मावायचे. दोनशे तेरावा दगड ज्या दिवशी आईच्या साड्यांच्या कप्प्यात सापडला, त्या दिवशी तिने नियम केला. एक आणायचा तर एक परत करायचा.

"टाकून येतो," बाबा म्हणाले.

"टाकायचा नाही. जिथून उचललात तिथे ठेवायचा. शेजारणीचं भांडं परत करताना आपण ते रस्त्यात ठेवून येतो का?"

तेव्हापासून वही सुरू झाली. प्रत्येक दगडाला क्रमांक, आणि पट्टीपासून पावलांमध्ये पत्ता. वहीत नऊशेच्या वर नोंदी झाल्या, पण कपाटात कायम दोनशे बारा.

एकदा भूशास्त्राचे एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन काठावर आले होते. आईने त्यांना चहाला बोलावलं, ते बाबांच्या दगडांसाठी. प्राध्यापकांनी कपाट उघडून सगळे कप्पे सावकाश बघितले. चष्मा पुसला. "छान आहे," म्हणाले. "सगळे अगदी साधे दगड आहेत." विद्यार्थी हसले. आईचा चेहरा पडला. बाबांनी मात्र विचारलं, "साधारण वय काय असेल यांचं?"

"दोनशे कोटी वर्षं. अंदाजे."

बाबा आठवडाभर हवेत होते. त्यांनी वहीत एक नवीन रकाना आखला आणि प्रत्येक दगडापुढे लिहिलं, 'वय : २०० कोटी वर्षं.' पुढच्या वर्षी एक जानेवारीला बसून सगळीकडे २०० कोटी १ केलं. त्याच्या पुढच्या वर्षी २०० कोटी २. आई म्हणाली, "अहो, अंदाजे म्हणाले होते ते." बाबा म्हणाले, "अंदाज असला तरी वाढणारच ना?" ती नोंद २०० कोटी १४ पर्यंत गेली. या जानेवारीत त्यांनी ती वाढवली नाही. आई डिसेंबरात गेली. अकरा दिवस दवाखान्यात होती, बाराव्या दिवशी सकाळी पावणेआठला गेली, आणि सव्वाआठला बाबांनी तिथूनच कार्यालयाला फोन करून विचारलं की आज पातळी कोणी वाचली का. माणसं वाईट बातमी ऐकल्यावर काय बोलतात त्याला काही नियम नसतो. आमच्या आत्याला मात्र ते लागलं. ती अजून बोलून दाखवते.

त्यानंतर बाबांनी एकही दगड आणला नाही. आणि निवृत्तीची तारीख जवळ आली तसे ते परत करू लागले. मी दहा दिवसांची रजा काढून आलो. मी वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत फोनवर तक्रारी ऐकतो, माझी रजा मंजूर करताना साहेबांनी विचारलं, "कारण?" मी लिहिलं, 'दगड परत ठेवणे.' साहेबांनी 'कौटुंबिक' असं करून सही केली. माणूस हुशार आहे.

त्या दिवशी पिशवीतले अकराही दगड घरी पोचले. संध्याकाळी आलो तेव्हा कपाटात काही नव्हतं. इतक्या वर्षांनी त्याचं दार आपोआप लागलं.

"झालं," मी म्हणालो.

"एक राहिला," बाबा म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे बघितलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक पेला असतो. पेला म्हणजे आईच्या प्रयोगशाळेतलं काचेचं भांडं, बाजूला मिलिलिटरच्या खुणा छापलेलं. त्यात क्रमांक एक.

बाबा आणि आई भेटले ते या काठावर. ती नमुन्याच्या बाटल्या भरायला आली होती, घोटाभर पाण्यात उभी होती. बाबा कोणत्या बाटलीत किती खोलीचं पाणी घ्यायचं ते तिला समजावत होते. तिने त्यांच्याकडून ते अर्धा तास ऐकून घेतलं. तिला ते त्यांच्यापेक्षा चांगलं येत होतं. मग बाबांनी वाकून पाण्यातून एक दगड काढून तिला दिला. हिरवा, बाटलीच्या काचेसारखा. ती प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो वाळून करडा झाला. दुसऱ्या दिवशी ती परत आली, बाबांपुढे तो करडा दगड धरला आणि म्हणाली, "हे काय? रंग जाणारा माल दिलात?"

तिने तो पेल्यात घातला, वर पाणी ओतलं, आणि तो पुन्हा हिरवा झाला. तेव्हापासून रोज सकाळी पाणी बदलायचं. आणि एक सक्त ताकीद. माझा दगड चाटायचा नाही.

आता पेल्यात पाणी नव्हतं. तळाशी एक करडा दगड होता, त्यावर पिठासारखा पांढरा थर. काचेवर पांढऱ्या रेघा होत्या, एकाखाली एक. पाणी आटत जाताना थांबत थांबत उतरलं होतं.

बाबांनी पेला उजेडात धरला आणि खुणा वाचल्या. त्यांना दुसरं काही करताच आलं नसतं. "एकशे ऐंशी," ते म्हणाले. "एकशे साठ. एकशे दहा." बोट खाली खाली येत गेलं. "चाळीस." मग पेला खाली ठेवला. "मी रोज आठ वाजता तिकडे जात होतो," एवढंच म्हणाले.

मी नळाकडे हात केला. ते म्हणाले, "नको. उद्या तिथलंच पाणी लागेल त्याला."

"याचा पत्ता?"

वहीच्या पहिल्या पानावर क्रमांक एक होता, रंग होता, तारीख होती. पत्त्याची जागा कोरी होती.

"तेव्हा वही नव्हती," बाबा म्हणाले. "नंतर भरणार होतो."

"पण आठवत असेल ना?"

बाबांनी कोऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं. "त्या दिवशी मी दगडाकडे बघत नव्हतो रे."

ताईचा फोन आला. "झालं का तुमचं दगडप्रकरण?"

"एक राहिलाय."

"एक ना? मग टाका खिशात आणि या. एक चालेल मला."

"आईचा आहे."

तिच्या घरातला मिक्सर बंद झाल्याचा आवाज आला. "पेल्यातला? तो कशाला परत करताय? बाबांना दे फोन."

मी फोन दिला. पलीकडून ताई बरंच बोलली. बाबा "हो, हो" करत राहिले. शेवटी म्हणाले, "अगं, नियम तिचा आहे. मग तिच्याच दगडासाठी मोडू का?" आणि फोन मला परत दिला.

"ऐकत नाहीत," ताई म्हणाली. "तू काहीतरी कर. तुला तक्रारी मिटवायचा पगार मिळतो ना?"

"नोंदवायचा मिळतो. मिटवणारे वेगळे."

आता मला जे माहीत होतं ते सांगायला हवं. तो क्रमांक एक नव्हता.

मी नऊ वर्षांचा असताना एका दुपारी पेल्यातला दगड काढला आणि काठावर गेलो. तो चपटा होता, हातात बसणारा. मी फक्त एकदाच फेकून बघणार होतो. फेकलेला दगड परत कसा आणायचा याचा विचार मी फेकल्यानंतर केला. तो पाण्यावर सात टप्पे उडाला. आयुष्यात मी त्यानंतर इतकं चांगलं काही केलेलं नाही. सातव्या टप्प्यानंतर तो बुडाला, आणि मी रडत घरी गेलो.

आईने मला मारलं नाही. तिने रिकाम्या पेल्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. बाबा पंपघरातून यायला दीड तास होता. तिने माझा हात धरला आणि आम्ही काठावर गेलो. कडक उन्हाळा होता, पाणी खूप खाली गेलेलं. उघड्या सुटकेससारखा दुभंगलेला एक खडक आहे, त्याच्या बिजागरीपाशी तिला एक हिरवा दगड मिळाला. पहिल्याइतका चपटा नव्हता, पण पाण्यात रंग तोच. तिने तो पेल्यात ठेवला, वर पाणी ओतलं आणि मला म्हणाली, "हे आपल्या दोघांत."

बाबांना कधी कळलं नाही. त्यांनी घरातला प्रत्येक दगड चाटला होता, एक सोडून.

सतरा वर्षं ती रोज सकाळी त्याचं पाणी बदलत राहिली. दुसऱ्याच दगडाचं.

मी बाबांना सांगितलं नाही. कसं सांगणार? ते माझ्यासमोर बसून कार्यालयाच्या जुन्या नोंदींत ती तारीख शोधत होते, आणि ती सापडली तेव्हा लहान मुलासारखे ओरडले. "पाच पॉइंट दोन शून्य! त्या दिवशी पातळी पाच पॉइंट दोन होती! ती घोटाभर पाण्यात होती. म्हणजे जागा त्या रेषेवरच. थोडी खाली."

"पण बाबा, ती रेषा तीन किलोमीटर आहे."

"मग तीन किलोमीटर," बाबा म्हणाले.

पुढचे दोन दिवस आम्ही ती रेषा काढली. गवंडी वापरतात तशी एक पारदर्शक नळी बाबांकडे होती, पाणी भरलेली, दहा मीटर लांब. तिच्या दोन्ही टोकांतलं पाणी कायम एका पातळीत राहतं. एक टोक पट्टीवर पाच पॉइंट दोनला धरायचं, दुसरं टोक घेऊन मी काठावर पुढे जायचं आणि पाणी जिथे थांबेल तिथे खडूने खूण करायची. मग बाबा माझ्या खुणेपाशी, मी आणखी पुढे. बाप-लेक एका नळीने बांधलेले, काठावरून सुरवंटासारखे सरकत होते. मासे धरणारा एकजण होडीतून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्याने राहवलं नाही.

"काय सर्व्हे चाललाय? रस्ता होतोय काय?"

"एक जागा शोधतोय," बाबा म्हणाले.

"काय पुरलंय तिथं?"

"काही नाही. तिथून काढलं होतं."

त्याने थोडा विचार केला आणि होडी लांब नेली.

आम्ही दगड शोधत नव्हतो. दगड आमच्याजवळ होता, बाबांनी पेल्यासकट छातीशी धरला होता. आम्ही त्याची जागा शोधत होतो, आणि तेहेतीस वर्षांपूर्वी दगड उचललेली जागा ही बाकी सगळ्या जागांसारखीच दिसते. बाबा प्रत्येक ठिकाणी थांबायचे. "इथून पंपघराची खिडकी दिसत होती." मग पुढे. "नाही, ऊन पाठीवर होतं तिच्या." मग मागे. "तिच्या पायात काय होतं? चपला हातात होत्या. कुठल्या हातात?" एकदा ते एका खडकावर बसले आणि म्हणाले, "तिला बरोबर आठवलं असतं." मग बराच वेळ उठलेच नाहीत. गुडघे दुखतात, असं म्हणाले.

एकोणतीस तारखेला दुपारी आम्ही शेवटची खूण केली. काठ संपला. दुसऱ्या दिवशी ताई टेम्पो घेऊन येणार होती. बाबा पेला घेऊन उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जे मी फोनवरच्या माणसांच्या आवाजात ओळखतो: तक्रार खरी असते आणि सुटा भाग मिळत नसतो.

"बाबा, इकडे या," मी म्हणालो.

मी त्यांना सुटकेसच्या खडकापाशी नेलं. पाण्यापासून वीतभर वर, बिजागरीपाशी एक खळगा आहे. त्यात बोट दाखवलं. "इथे."

"इथे?"

"हो. इथूनच काढला."

"तुला कोणी सांगितलं?"

"आईने दाखवलं होतं."

ते खरं होतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात खरं वाक्य असेल, आणि ते बोलताना माझे कान तापले होते.

बाबांनी खळग्याकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं. मग वर, आम्ही खडूने काढलेल्या रेषेकडे. ते मनात काय करत होते ते मला ठाऊक होतं. मीच विसरलो होतो की तेहेतीस वर्षं पातळी वाचणाऱ्या माणसापुढे मी उभा आहे.

"हे चार पॉइंट एकला आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी इथे मीटरभराहून जास्त पाणी होतं."

मी बोटांवरची खडूची पूड झटकली.

"तुझी आई घोटाभर पाण्यात होती. इथे असती तर कमरेच्या वर असतं. बाटल्या घेऊन पोहत होती का?"

बाबांनी पेल्यातून दगड काढला. सदऱ्याच्या टोकाने त्यावरचा पांढरा थर पुसला. त्यांनी तो तोंडाजवळ नेला आणि थांबले, जसं कोणी परवानगी देईल म्हणून थांबतात. मग जीभ लावली.

दगड हातात फिरवला, अंगठ्याने त्याची कड चाचपली.

"तो चपटा होता," म्हणाले. "हा जाड आहे."

"हो."

"तो कुठाय?"

मी पाण्याकडे हात केला. "मी फेकला. नऊ वर्षांचा होतो. रडत घरी गेलो, मग आई मला घेऊन इथे आली. हा तिने शोधला. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली."

पंपांचा आवाज येत होता. म्हणजे पंप ठीक होते.

"किती टप्पे?" बाबांनी विचारलं.

"सात."

"सात!" ते म्हणाले. त्यांच्या भुवया वर गेल्या आणि क्षणभर तिथेच राहिल्या. "मी तो उचलला तेव्हाच मनात आलं होतं, हा उडेल म्हणून. पण ती समोर उभी होती. म्हणून दिला." मग हातातल्या दगडाकडे बघत म्हणाले, "म्हणजे हा तिने शोधलेला. मी हजारभर दगड आणले घरात. तिने एक."

"मग ठेवा ना बाबा तो. नियमही मोडलेला नाही. एक गेला, एक आला."

माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा जास्त काकुळतीला आला. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, अगदी थोडा वेळ, पट्टीवर बसलेला किडा बाजूला करावा तसा हलका.

"याची जागा मिळाली ना रे," म्हणाले. "पहिल्याची मिळाली नाही, निदान याची तरी मिळाली. वही आण."

मी वही उघडली. त्यांनी पहिल्या पानावरच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं : 'पट्टीपासून पूर्वेला आठशे बारा पावलं. दुभंगलेल्या खडकाच्या आत.' पावलं त्यांनी मोजली नव्हती. त्यांना ती माहीत असतात.

"कुठली बाजू वर होती?" त्यांनी विचारलं.

मला आठवत नव्हतं. मी डोळे मिटून बघितलं. आईची वाकलेली पाठ दिसली, वेणीचं टोक, उन्हात चमकणारा ओला हात. दगड दिसला नाही.

"ही," मी म्हणालो, आणि एक बाजू दाखवली.

बाबांनी दगड ठेवला. पेला तलावात बुडवून भरला आणि त्यावर पाणी ओतलं. तो हिरवा झाला, एकदम, बाटलीच्या काचेसारखा. आम्ही दोघे शेजारी बसून राहिलो. ऊन होतं, त्यामुळे फार वेळ लागला नाही. आधी वरची कड फिकट झाली, मग पोट, आणि मग तो आणि शेजारचे दगड वेगळे ओळखू येईनात.

"चल," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता त्यांनी पट्टी वाचली, फळ्यावर तीन पॉइंट नऊ एक लिहिलं आणि कार्यालयाला फोन केला. पलीकडच्या नव्या माणसाने सांगितलं की आकडा यंत्राकडून आलेला आहे. "तरी लिहून घ्या," बाबा म्हणाले. मग ताई आली. टेम्पोत कपाट चढलं, रिकामं असूनही चौघांना लवकर उचलेना. पेला बाबांनी मांडीवर घेतला.

आता मी कामावर असतो तेव्हा आठ वाजून एक मिनिटाने पहिला फोन त्यांचा येतो. रांगेत थांबून येतो, कारण कामाच्या वेळी माझा खासगी नंबर वापरायला त्यांना आवडत नाही. मी कंपनीचं नाव घेऊन नमस्कार म्हणतो, कारण आमचे फोन रेकॉर्ड होतात.

"एकशे त्रेचाळीस," बाबा सांगतात.

"वारा?"

"नाही. खिडकी बंद होती."

"लिहून घेतलं."

मग ते पेल्यातलं पाणी कुंडीत ओततात आणि दीडशेच्या खुणेपर्यंत ताजं भरतात. ताईने मला हळू आवाजात विचारलं, त्या पेल्यात तर काहीच नाही, मग हे काय चाललंय त्यांचं? मी म्हणालो, तक्रार असेल तर नोंदवून घेतो.

ती म्हणाली, "नको. असू दे."

काल एकशे एकोणचाळीस होतं. ऊन वाढलंय.